चार डिस्कची निश्चिंती

सीएचे कार्यालय, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा स्टुडिओ, सोनोग्राफी सेंटर, आर्किटेक्ट, एखादे छोटे वृत्तपत्र. यांच्यापैकी अनेकांच्या कोपऱ्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक काळी पेटी येऊन बसली आहे. तिच्यात दोन-चार हार्ड डिस्क असतात, ती नेटवर्कला जोडलेली असते आणि कार्यालयातले सगळे संगणक आपापल्या फायली तिच्यात टाकतात. तिला ‘नॅस’ म्हणतात. विकणारा सांगतो, ‘साहेब, एक डिस्क उडाली तरी डेटा जात नाही.’ हे खरे आहे. पण ते ऐकून घेणारा जो निष्कर्ष काढतो, की आता वेगळ्या बॅकअपची कटकट नको, तो साफ चुकीचा आहे. अशा पेटीतला डेटा कायमचा बुडतो तेव्हा मेलेल्या डिस्कपेक्षा या निष्कर्षाचा हात मोठा असतो, असे माझे मत आहे. या गैरसमजामुळे दुसरी प्रत कोणी काढत नाही. आणि संच कोसळल्यावर जे वाचू शकले असते तेही त्यामुळेच घाईगर्दीत घालवले जाते.

पेटीमागची कल्पना हुशारीची आहे, यात वाद नाही. 1988 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्कचा संच वापरावा आणि स्वस्त डिस्क बिघडणारच हे धरून थोडी जादा माहिती लिहून ठेवावी, हा त्याचा गाभा. हीच ‘रेड’. चार डिस्कच्या पेटीत सहसा तिचा पाचवा प्रकार असतो. समजा, तीन डिस्कवर 1, 0, 1 लिहिले आहे. मग चौथीवर 0 लिहिला जातो, म्हणजे एकांची संख्या सम राहते. दुसरी डिस्क गेली तर 1, 1 आणि 0 उरतात. एकांची संख्या आधीच सम आहे, म्हणून गेलेला आकडा 0. अब्जावधी आकड्यांसाठी हेच गणित चालते आणि नवी डिस्क घातली की जुनीचा मजकूर तिच्यावर पुन्हा उभा राहतो. मात्र हे गणित एकाच प्रश्नाचे उत्तर देते: एक डिस्क गेली तर उद्या काम बंद पडेल का? चुकून फोल्डर पुसला गेला, तर तो चारही डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसला जातो. एप्रिल 2021 मध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीच्या असंख्य पेट्यांमधल्या फायली पासवर्ड लावून कुलूपबंद केल्या, तेव्हा आतल्या डिस्क ठणठणीत होत्या. रेड म्हणजे गाडीची स्टेपनी. ती गॅरेजपर्यंत नेते. गाडी चोरीला गेली तर स्टेपनीही गेलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, दोन डिस्क एकदम जाणे ही लाखात एखादी गोष्ट. कागदावर हिशेब तसाच दिसतो, कारण त्यात प्रत्येक डिस्कचे मरण स्वतंत्र धरलेले असते. पण एका पेटीतल्या चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. त्यांनी तोच उकाडा, तेच विजेचे झटके आणि तितकेच तास काम सोसलेले असते. मूळ तिघांपैकी गार्थ गिब्सन यांनीच पुढे बियांका श्रोडर यांच्यासोबत सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या आणि 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क बिघडाव्यात असे निघत होते. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के बदलाव्या लागत होत्या आणि काही ठिकाणी हे प्रमाण 13 टक्क्यांपर्यंत गेले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते. एका पाठोपाठ दुसरा येण्याकडे त्यांचा कल होता. त्याच वर्षी गुगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिच्यातल्या सर्वांत बोलक्या चार खुणांपैकी एकही खूण मेलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी आधी दाखवली नव्हती. म्हणजे धोक्याची सूचना मिळेलच, या भरवशावरही राहता येत नाही.

शिवाय दुसरी डिस्क जाण्याची सर्वांत मोठी शक्यता असते ती पहिली बदलल्यानंतरच. आठ टीबीची नवी डिस्क भरायची तर सेकंदाला दीडशे एमबीच्या अखंड वेगानेही जवळपास पंधरा तास लागतात; कार्यालयाचे काम चालू ठेवून हे केले तर दोन-तीन दिवसही. तेवढा वेळ उरलेल्या तीन जुन्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात. ज्या कोपऱ्याकडे चार-पाच वर्षांत कोणी फिरकले नाही, तोही वाचावा लागतो, आणि तिथला एखादा खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साडेबारा टीबी वाचल्यावर न वाचता येणारी एखादी जागा सापडू शकते असे धरलेले असते आणि इथे तर चोवीस टीबी वाचायचे आहेत. खऱ्या डिस्क या आकड्याहून बऱ्यापैकी चांगल्या वागतात, त्यामुळे ‘रेड पाच मेली’ अशी जी ओरड अधूनमधून होते ती मला अतिरंजित वाटते. पण ‘बहुतेकदा निभावते’ या आधारावर कोणी वीस वर्षांच्या हिशेबवह्या ठेवाव्यात का, हा प्रश्न उरतोच.

संच कोसळल्यावर काय होते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, मार्चमध्ये एक डिस्क संचातून गळाली. पेटीने बीप बीप केले, कोणीतरी आवाज बंद केला, काम चालूच राहिले. सप्टेंबरमध्ये दुसरी गेली आणि पेटी उघडेना. मदतीला आलेला माणूस डिस्क काढून-घालून पाहतो. मार्चमधली डिस्क योगायोगाने पुन्हा फिरू लागते, तो तिला जबरदस्तीने संचात घेतो आणि ‘रिपेअर’चे बटण दाबतो. आता मार्चचे तुकडे आणि सप्टेंबरचे तुकडे एकत्र करून तिसरेच काही तयार होते आणि ते डिस्कवर लिहिलेही जाते. फायलींची नावे दिसतात, फायली मात्र उघडत नाहीत. वास्तविक सप्टेंबरमध्ये गेलेली डिस्क पूर्ण मेलेली नसण्याची शक्यता चांगली होती. अशा डिस्कचा फार मोठा भाग पुष्कळदा वाचता येतो. तिची प्रत काढून ती उरलेल्या दोघींशी जुळवली असती तर जवळपास सगळे हाती आले असते. डेटा बुडाला तो बटण दाबल्यावर.

जाणकार माणसाची सुरुवातीची कामे याउलट कंटाळवाणी असतात. पेटी बंद करायची. कोणती डिस्क कोणत्या कप्प्यातून निघाली तो आकडा तिच्यावर मार्करने लिहायचा. मग एकेक डिस्क वेगळ्या संगणकाला जोडून तिची सेक्टरगणिक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारी जागा मागे ठेवते आणि नंतर पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळते. त्यामुळे मरायला टेकलेल्या डिस्कचा उरलासुरला जीव एकाच खराब जागेशी झटापट करण्यात जात नाही. त्यानंतर मूळ डिस्क बाजूला ठेवायच्या आणि सगळे प्रयोग प्रतींवर करायचे. बाजारातल्या बहुतेक लोकप्रिय पेट्यांच्या पोटात लिनक्सच असते, त्यामुळे पेटीचा बोर्ड जळला तरी तिच्या डिस्क साध्या लिनक्स संगणकावर वाचता येऊ शकतात. प्रत्येक डिस्कवर संचातल्या घडामोडींचा एक चढता आकडाही नोंदलेला असतो. ज्या डिस्कचा आकडा मागे आहे ती आधी गळाली, हे त्यावरून कळते. मार्च आणि सप्टेंबरचा घोळ हा आकडा दोन मिनिटांत सोडवतो, पण तो पाहायला आधी थांबावे लागते. डिस्क आतून टकटक करत असेल तर यातलेही काही घरी करू नये. तिची हेड बदलायला धूळविरहित खोली लागते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजून सांगितला जातो. त्याने आत दव धरते, दुसरे काही होत नाही.

‘एवढे झाले तरी डेटा रिकव्हरीवाले आहेतच की,’ हा दुसरा आक्षेप. आहेत, आणि त्यांच्यातले काही फार कसबी आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तरी अशी दुकाने सापडतील. पण प्रयोगशाळा कितीही भारी असली तरी डिस्कच्या तबकडीवर ओरखडा उठला असेल तिथला मजकूर तिला वाचता येत नाही आणि एकदा वर नवे लिहिले गेले की खालचे जुने परत मिळत नाही. त्यात प्रत्येक डिस्कचे काम वेगळे, म्हणून चार डिस्कच्या संचाचा खर्चही त्या मानाने वाढत जातो. गरज पडली तर त्यांच्याकडे जरूर जावे, पण त्यांच्या भरवशावर बॅकअप टाळणे म्हणजे शहरात चांगला सर्जन आहे म्हणून हेल्मेट न घालण्यातला प्रकार.

हा निष्काळजीपणा फक्त छोट्यांचा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ऑक्टोबर 2016 मध्ये मध्यवर्ती साठवण यंत्रणेतला एक भाग बिघडला. तो बदलणे हे नेहमीचे काम होते. पण त्यानंतर सगळी यंत्रणाच कोसळली आणि विद्यापीठाचे व्यवहार कित्येक दिवस विस्कळीत झाले. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत जे समोर आले ते अधिक गंभीर होते. टेपची क्षमता पुरत नाही म्हणून काही डेटा जाणूनबुजून बॅकअपमधून वगळला होता आणि त्याचा अर्थ काय, हे तो डेटा वापरणाऱ्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दक्षिण कोरियातली घटना तर अगदी अलीकडची. सप्टेंबर 2025 मध्ये देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण जळून गेली. तिच्यात 858 टीबी माहिती होती आणि बाहेर एकही प्रत नव्हती. कारण सांगितले गेले ते असे की, साठा फार मोठा असल्यामुळे बाहेर बॅकअप घेणे जमत नव्हते. जे आवरत नाही म्हणून राखायचेच नाही, ते साठवायचे तरी कशाला?

‘मग क्लाउडवर टाकू,’ असे आता कोणी म्हणेल. चांगले आहे, पण नुसते सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. जुन्या आवृत्त्या पुरेशा काळ राहत असतील आणि पासवर्ड वेगळा असेल, तरच त्या प्रतीला अर्थ आहे. सहाव्या प्रकारची रेड घेतली तर दोन डिस्क गेलेल्या चालतात, पण पुसलेले, कुलूपबंद झालेले आणि जळालेले तिच्यातूनही परत येत नाही. खर्चाची तक्रार मला मान्य नाही. बाहेर जोडायच्या दोन मोठ्या डिस्क घ्याव्यात, आठवड्याआड त्यांची अदलाबदल करावी आणि एक कायम कार्यालयाबाहेर, तारेपासून सुटी ठेवावी. चार डिस्कची पेटी घेणाऱ्याला एवढे परवडते. बॅकअप घेतला म्हणजे झाले, असेही नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धडपणे कामी आली नाही. नेमाने चालणारा एक बॅकअप आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे अपयशी ठरत होता आणि ते कळवणाऱ्या ईमेल नाकारल्या जात होत्या. चाचणीसाठी काढलेली सहा तास जुनी एक प्रत योगायोगाने हाती होती, म्हणून निभावले. कंपनीने हे सगळे लपवले नाही, हे तिचे मोठेपण.

आपल्याकडे 2022 च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवला पाहिजे, असा नियम आहे. नियमात ‘ठेवा’ आहे, ‘परत काढून दाखवा’ नाही. पतसंस्था, नगरपालिका, महाविद्यालये साठवण यंत्रणेची निविदा काढतात तेव्हा टीबी, वॉरंटी आणि किंमत लिहितात. तिथेच एक ओळ वाढवावी: दर सहा महिन्यांनी वेगळ्या यंत्रावर डेटा परत उभा करून दाखवणे पुरवठादारावर बंधनकारक राहील आणि ते झाल्याशिवाय देखभालीचे बिल मंजूर होणार नाही. छोट्या कार्यालयाला निविदा लागत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या ग्राहकाची एक फाइल पेटीला हात न लावता बॅकअपमधून काढून दाखवा, असे उद्या सकाळी सांगून पाहा. आणि पेटीवर लाल दिवा आधीच लागला असेल, पण फायली अजून दिसत असतील, तर नवी डिस्क घालायची घाई करू नका. आधी महत्त्वाचे सगळे बाहेर उतरवून घ्या.