फळाचा वास आणि बरणीवरचं नाव

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८पासून प्रौढांना परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येतो. तिथल्या बरण्यांवरची नावं वाचत गेलं की आपण फळबाजारात शिरलो की काय, असं वाटतं. त्यातलं ‘ब्लू ड्रीम’ हे खपणारं नाव. ओरेगॉनच्या डीजे शॉर्ट यांनी थाई आणि अफगाणी वाणांतून घडवलेली ‘ब्लूबेरी’ आणि ‘हेझ’ यांचा हा संकर. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं: बेरीचा गोड वास, मन प्रसन्न, अंग सैल. यातलं सरकारने किती छापू द्यावं?

वास खोटा नाही, हे आधी मान्य करू. ब्लू ड्रीमच्या फुलोऱ्यात बहुधा मर्सीन हे टर्पीन, म्हणजे वनस्पतीला वास देणारं संयुग, जास्त सापडतं, तेच आंब्यातही असतं. सोबतचं कॅरिओफायलीन काळ्या मिरीत आणि लवंगेतही आहे. पण टर्पिनांवर सगळा उलगडा होत नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रासायनिक अभ्यासानुसार, काही वाणांच्या उष्णकटिबंधीय फळांसारख्या वासामागे अत्यल्प प्रमाणातली गंधकयुक्त संयुगं असतात. पेरूच्या वासातही त्यांचा वाटा असतो. त्यामुळे वर्णनाला सरसकट थापा म्हणणं अन्यायाचं होईल.

नावाचं मात्र तसं नाही. अमेरिकेत २०१९मध्ये ३० नावांखाली विकले जाणारे १२२ नमुने जनुकीयदृष्ट्या तपासले गेले, तेव्हा बहुतेक नावांत किमान एक नमुना परका निघाला. ‘इंडिका’, ‘सॅटिव्हा’, ‘हायब्रिड’ या वर्गवारीलाही जनुकांचा आधार मिळाला नाही. परप्रांतातला आंबा हापूस म्हणून विकला गेला, तर कोकणातला बागायतदार २०१८चं भौगोलिक मानांकन पुढे करू शकतो. ब्लू ड्रीम पिकवणाऱ्याच्या हाती तसं काही नाही. संघीय कायद्याने गांजा बेकायदाच असल्यामुळे त्याच्या नावाला संघीय ट्रेडमार्क मिळत नाही, आणि हे नाव कुणीही कशालाही लावू शकतो.

मग वासावरून परिणाम ओळखता येईल? लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनने टीएचसी या गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकामुळे येणारी घबराट कमी होते, असं २०२४च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. आशादायक आहे. पण तिथे उपयोगी ठरलेली मात्रा फुलोऱ्यात सहसा असते तिच्या कैक पट होती. टीएचसी किती आहे, हे तर गोड वास मुळीच सांगत नाही. उलट नवख्याला तो सौम्यतेचा भास देतो. अमेरिकेत जप्त मालातलं टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४मध्ये ते १२च्या आसपास गेलं.

(आपल्याकडचा कायदा हा तपशील विचारतच नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची मात्रा वजनावर ठरते, २० किलोंच्या वर ती ‘व्यापारी’. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणारा, मातीविना पिकवलेला जहाल ‘हायड्रो’ आणि शेताच्या बांधावरचा गांजा एकाच तराजूत.)

फळांची नावंच बंद करा, म्हणणाऱ्यांचा मुद्दा मुलांचा आहे आणि तो वजनदार आहे. कॅनडाने २०१८मध्ये गांजा खुला करतानाच वेष्टन साधं ठेवायला लावलं आणि मुलांना भुरळ घालणाऱ्या मांडणीवर बंदी घातली. नाव मात्र पुसून टाकलं, तर जाणत्या गिऱ्हाइकाची तोडकीमोडकी खूणही जाते आणि तो निव्वळ टीएचसीच्या टक्क्यावर माल निवडू लागतो. ते अधिक घातक, असं आमचं मत. नाव राहू द्यावं, फळाचं चित्र काढावं, आणि त्या तुकडीत प्रत्यक्ष सापडलेली प्रमुख टर्पिनं टीएचसीइतक्याच ठळक अक्षरांत छापावीत.

अडचण छापलेल्या आकड्यांचीच आहे. कोलोरॅडोतल्या दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी बहुतेकांत टीएचसी लेबलपेक्षा बरंच कमी निघालं, असं २०२३च्या एका अभ्यासाने दाखवलं. तपासणीचे पैसे उत्पादक देतो आणि प्रयोगशाळाही तोच निवडतो, तोवर टर्पिनांचे आकडेही असेच फुगतील. नमुना दुकानाच्या फळीवरून उचलायचा तो सरकारी निरीक्षकाने, आणि खर्च परवाना शुल्कातून.