छंदखर्च : डबी दुकानातच राहू द्या

जादूचं साहित्य विकणारा एकदा पुडकं तुमच्या हाती दिलं की परत घेत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. समजा वस्तू दोनशेची असेल, तर प्लॅस्टिकचे फार तर वीस रुपये. बाकी पैसे गुपिताचे. कळलेलं गुपित परत कसं करणार? त्यामुळे खिशात हात घालण्याआधीच काय ते ठरवायचं.

दुकानदार काउंटरमागे आणि तुम्ही बरोबर समोर. त्या वस्तूला मानवणारा कोन बहुधा हाच. सोसायटीच्या गणपतीत तुम्ही उभे राहाल तेव्हा पोरं तिन्ही बाजूंना बसलेली असतील, दोन-चार तर स्टेजच्या कडेला लोंबकळत मागून बघतील. तेव्हा सरळ सांगा, "जरा बाजूला उभा राहतो, परत करून दाखवा." तो टाळाटाळ करायला लागला की उत्तर मिळालं. आणखी एक विचारा : खेळ झाल्यावर वस्तू पुन्हा तयार करायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं लागत असतील, तर "काका, परत परत!" सुरू झाल्यावर काय करणार?

नकली अंगठा मात्र पैसावसूल. नावातच अर्धं गुपित फुटलं, उरलेलं सांगत नाही. जादूगार मंडळी मलाच गायब करतील. बाजारात मिळणारे बरेचसे अंगठे गुलाबीसर, आपल्या हातावर रंग वेगळा दिसतो. नवशिका तिथंच घाबरतो आणि महागडा शोधत फिरतो. खरं तर टोक प्रेक्षकाकडे रोखलेलं आणि हात सहज हलता असला, की रंग कुणी बघत नाही. ही सवय विकत मिळत नाही.

याउलट ड्रॅगन रंगवलेली चकचकीत डबी. अशी डबी कुणाच्या घरात असते? पहिल्याच मिनिटाला एखादी चिमुरडी म्हणते, "डबी बघू!" आपल्याकडचे रस्त्यावरचे जादूगार लाकडी वाट्या आणि कापडाच्या गोळ्यांवर गर्दी जमवत आले. पी. सी. सरकारांचा थाट राजेशाही, पण त्यांच्या 'वॉटर ऑफ इंडिया'त प्रयोगभर पुन्हा पुन्हा रिकामं होणारं ते भांडं दिसायला साधंच.

नाण्यांसाठी तर दुकानाची पायरीही चढू नका. बोबो यांचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' हे १९५२ चं पुस्तक अजून चालतं. अमेरिकन जादूगारांचं लाडकं नाणं म्हणजे अर्धा डॉलर, ३०.६ मिलिमीटरचा, आपलं दहाचं २७. तळहातात धरायला थोडं लहान पडतं, शिकायला पुरेसं आहे.

पहिलीच खरेदी असेल, तर पत्त्यांचे दोन साधे कॅट आणि एक नकली अंगठा घ्या. महिनाभर त्यांनाच हात लावला नाहीत, तर पुढचं काहीही घेऊ नका.

— छंदिष्ट