केळीचं थंडीवाण एका पिढीत निघत नाही



‘बाजरीचे वाण दर काही वर्षांनी निघतात, मग थंडी सोसणारी केळी का नाही?’ हा गेल्या अंकातल्या पत्रातला सवाल रास्त आहे, पण त्यावरून शास्त्रज्ञांना आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. बाजरीला बी असतं, आपल्या ग्रँड नैन केळीला नसतं. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी धरत नाही, आणि टिश्यूकल्चरची सगळी रोपं मूळ झाडाची नक्कल. संकर करायचा कशाशी?

तरी वाट आहे. होंडुरासच्या संस्थेने काढलेली ‘एफएचआयए-०१’ थंडी बऱ्यापैकी सोसते. मात्र तिची चव आंबटगोड, आपल्या बाजाराला परकी. दुसरी वाट आपल्याच बागांत आहे. बसराई आणि ग्रँड नैन एकाच कॅव्हेंडिश कुळातल्या, आपोआप झालेल्या बदलांतून निवडलेल्या. थंडी सोसणारा बदलही तसाच बागेत सापडू शकतो.

रावेर-यावलकडे कडाक्याच्या थंडीत निसवण अडकलेलं झाड पाहावं: गळ्याशी पानांचा झुपका दाटतो, घड आतच कोंडतो आणि कधी खोड फाडून वाकडा बाहेर येतो. अशा बागेत सरळ निसवलेलं एखादं झाड असेलच असं नाही. पण दिसलं, तर घड कापल्यावर ते उपटून टाकू नका. खुणेची दोरी बांधा, त्याचे मुनवे राखा आणि जळगावच्या केळी संशोधन केंद्राला कळवा. सलग काही हिवाळे तपासल्याशिवाय त्याला वाण म्हणता येणार नाही. तोवर बांधाला शेवरी आणि थंडीत रात्रीचं पाणी, एवढंच हातात आहे. त्यासाठी रात्रीची वीज हवी. पत्रलेखकाने तीही मागायला हवी होती.

– एक वाचक, पिंपळनेर (ता. साक्री, जि. धुळे)