परवाना तर मिळाला, आता शिकणार केव्हा?

आरोग्याच्या सदरात गाडी शिकण्याचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. डॉक्टरांनी हिवतापावर लिहावे, मधुमेहावर लिहावे, त्यांना ड्रायव्हिंग स्कूलशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे रोज साडेचारशेहून अधिक. एखाद्या तापाने एवढी माणसे नेली असती, तर गावोगावी पथके फिरली असती आणि घरटी रक्त तपासले गेले असते.

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून मुंबई-अहमदाबाद हमरस्ता जातो. दवाखान्यात माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी पुष्कळांचे पोट या रस्त्यावर आहे. कोणी चिकूचा टेम्पो चालवतो, कोणी इको गाडीतून कामगारांना उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत पोहोचवतो, तर कोणी टँकरवर आहे. या सगळ्यांना गाडी शिकवण्याची आपली पद्धत मात्र एकच. मोकळ्या रस्त्यावर क्लच सोडायला शिका, आठचा आकडा काढा, हात दाखवा, परवाना घ्या आणि लागा कामाला.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांवर माझा राग नाही. लोक जे मागतात ते ते देतात आणि लोक परवाना मागतात, शिक्षण मागत नाहीत. कायद्याने हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात किमान १० तास प्रत्यक्ष गाडी हातात देणे सांगितले आहे. तुमचे १० तास भरले होते का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. २०२१ सालापासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नवे नियम आले. त्यांत हलक्या वाहनाला २९ तास आणि जड वाहनाला ३८ तास ठरवले आहेत. ही सुधारणा चांगलीच आहे. पण तास वाढवूनही सगळ्यांना तेच शिकवले, तर माझी तक्रार शिल्लक राहते.

कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात भात लावणाऱ्याला भाताचे शिकवतात आणि चिकूवाल्याला चिकूचे. दोघे शेतकरी म्हणून दोघांना एकच धडा, असे तिथे कोणी म्हणत नाही. मग रात्री एक वाजता घोलवडहून माल भरून निघणारा टेम्पोवाला आणि वर्षातून चारदा कुटुंबाला घेऊन मुंबईला जाणारा डहाणूचा व्यापारी या दोघांना एकच धडा कसा पुरेल? पहिल्याचा शत्रू झोप आहे. दुसऱ्याचा शत्रू हमरस्त्याची अनोळख. गावातल्या रस्त्यावर तीसच्या वेगाने वर्षभर गाडी चालवणारा हा गृहस्थ चारोटीला हमरस्त्यावर चढतो आणि एकदम ऐंशीने धावणाऱ्या गाड्यांत मिसळतो. कसे मिसळावे, हे त्याला कोणीच शिकवलेले नसते.

ऐंशीचा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोरचा धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत या रस्त्याच्या कडेने लहान मुलांना घेऊन माणसे चालत असतात. तेव्हा हे गणित आठवावे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, हे सर्वांना आठवत असेल. भर दुपारची वेळ होती आणि गाडी उत्तम प्रतीची होती. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊनही वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात सांगितले गेले. त्यानंतर काही आठवडे आपल्याकडे जो तो मागच्या पट्ट्याबद्दल बोलत होता. आज दहा गाड्यांत डोकावून पाहा, मागचे पट्टे सीटच्या कव्हराखाली दडपलेले दिसतील. हौसेने घेतलेले नवे कव्हर खराब होऊ नये, ही आपली काळजी! खासगी गाडीवाल्याच्या प्रशिक्षणातला पहिला तास हे पट्टे बाहेर काढण्याचा असावा आणि त्या तासाला घरची माणसेही गाडीत असावीत.

आता धंद्यासाठी गाडी चालवणाऱ्यांकडे वळतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. ज्वलनशील किंवा विषारी रसायने नेणाऱ्या चालकाला कायद्याने तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यात सावधपणे गाडी चालवण्याचे शिक्षण येते आणि टाकीत जे भरले आहे ते सांडले तर काय करायचे, तेही येते. म्हणजे कामाप्रमाणे प्रशिक्षण वेगळे असावे, हे सरकारने टँकरच्या बाबतीत मान्य केलेलेच आहे. मग शाळेच्या गाडीला का नको? कामगार नेणाऱ्या इकोला, लग्नसराईत वऱ्हाड भरून नेणाऱ्या पिकअपला का नको? (पिकअपमध्ये माणसे भरणे बेकायदा आहे, हे ठाऊक आहे. पण वैशाखात तलासरीच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे.)

व्यवसायाच्या परवान्यासाठी आणि चाळिशी उलटलेल्यांसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी माणूस माझ्याकडे येतो. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची पाटी वाचता येते का, तांबडा-हिरवा ओळखतो का, हे मी पाहतो. पण तो रात्री किती वाजता गाडी काढतो आणि त्याआधी किती झोपतो, हे त्या कागदावर कुठेच विचारलेले नाही. मी आपला विचारतो. एक तरुण म्हणाला, “डॉक्टर, झोपेचं काय, गाडी लागली की सवयीनं चालते.” दिवसभर बागेत तोडणीला हजर, संध्याकाळी माल भरायला हजर आणि रात्री त्याच मालाबरोबर वाशीला, असा त्याचा क्रम होता.

सतत सतरा तास जागा राहिलेला माणूस हाताळणीच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा वागतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. आपल्या कायद्याने दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे हा तरुण दारूला शिवलेला नसताना मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो आणि त्याला पकडणारे यंत्र कोणत्याही नाक्यावर नाही. ऐंशीच्या वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी जवळजवळ ९० मीटर बिनचालकाची धावते. रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ सर्वांत वाईट. दुपारी जेवणानंतरचे दोन तास त्याखालोखाल. काच खाली केली, गाणी मोठ्याने लावली, तोंडात तंबाखू धरली, याने झोप हटत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून चहा किंवा कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. चहाचा अंमल चढेपर्यंत डुलकी पुरी होते. हा उपायही काही तासांपुरताच. रात्रीच्या झोपेची जागा तो घेत नाही.

चालकाच्या वर्गात औषधांचाही एक तास मला हवा आहे. सर्दी-खोकल्याच्या कितीतरी गोळ्यांनी आणि सिरपांनी गुंगी येते, हे दुकानातून परस्पर गोळी घेणाऱ्याला ठाऊक नसते. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्शुलिन घेऊन उपवास करणाऱ्याची साखर एकदम उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, समोरचे धूसर दिसते. अशा वेळी खिशात साखरेची पुडी असावी आणि गाडी आधी कडेला घ्यावी. झोपेत मोठ्याने घोरणारा आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारा चालक असेल, तर त्याने तपासून घ्यावे. तो एक आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. अशा प्रशिक्षणाने अपघात कमी होतातच असे नाही. परवाना मिळालेल्या चालकांच्या जादा प्रशिक्षणाविषयी जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा अपघात घटल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. नॉर्वेत तर निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण दिल्यावर तरुणांचे अपघात वाढले. आपल्याला सगळे जमते, असे त्यांना वाटू लागले. म्हणून शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन गाडी गरकन वळवायला शिकवणाऱ्या वर्गांवर माझा विश्वास नाही. पण स्वीडनच्या दूरध्वनी खात्यात वेगळा अनुभव आला. तिथे एका गटाला जादा प्रशिक्षण दिले, एका गटाला प्रचाराची पत्रके, एका गटाला अपघात टाळल्याबद्दल बक्षीस, आणि एका गटाला नुसते एकत्र बसवून आपापले धोके बोलायला लावले. १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघात सर्वांत जास्त घटले ते या बोलणाऱ्या गटाचे.

हे वाचून मला तारप्याच्या गावातल्या बैठका आठवल्या. आपल्याकडे चार माणसे बसून बोलायला सभागृह लागत नाही. टेम्पोवाल्यांना नाक्यावर एकत्र बसवा, कोणत्या वळणावर काय होता होता वाचले ते त्यांना सांगू द्या. शिकवणाऱ्याने वारलीत बोलावे, नाहीतर साध्या मराठीत. जड वाहन चालवायला आठवी पास असण्याची अट २०१९ साली निघाली, ते योग्यच झाले, कारण अनेक आदिवासी तरुणांची वाट त्या अटीने अडली होती. पण वाचता न येणाऱ्याला छापील पुस्तिका देऊन शिकवल्याचे समाधान आपण मानू नये.

या बैठकीला मालकानेही बसले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. चालकाला ‘झोप काढ’ म्हणून शिकवायचे आणि मालकाने ‘पहाटे चारला माल बाजारात हवा’ म्हणायचे, यात शिकवणी फुकट जाते. २०२५ सालापर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ सालचा कायदा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम सांगत होता, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत होता. पाचपेक्षा कमी माणसे असलेल्या धंद्याला तो सरसकट लागू होत नव्हता आणि आपल्याकडचे बहुतेक धंदे तेवढेच आहेत. म्हणून मालकाची समजूत पटणे महत्त्वाचे. लांबच्या फेरीला दुसरा चालक देण्याचा खर्च त्याला जड वाटतो. उलटलेल्या टेम्पोचा, नासलेल्या मालाचा आणि कोर्टाच्या फेऱ्यांचा खर्च त्याने एकदा वहीत शेजारी मांडून पाहावा. मेलेल्या माणसाचा खर्च मी मुद्दाम धरलेला नाही.

जे वाचक यंदा मुलाला किंवा कामावरच्या माणसाला गाडी शिकायला पाठवणार आहेत, त्यांनी स्कूलवाल्याला फी विचारण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. अंधार पडल्यावर एकदा तरी कासा ते तलासरी हमरस्त्यावर नेणार का? पावसात नेणार का? मुलगा जी गाडी पुढे चालवणार, तीच माल भरून चालवायला देणार का? स्कूलवाला हो म्हणाला तर चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी घासाघीस करू नये.