‘दोन पंप मारले की लागते न ब्रेक!’

वर्धा जिल्ह्यात ज्याच्या घरी दहा-बारा वर्षं जुनी पिकअप आहे, त्याने हे वाक्य ऐकलेलं असतंच. म्हणणारे कधी बाबा, कधी काका, कधी गाडीवरचा ड्रायव्हर. ‘काई होत नाही, दोन पंप मारले की लागते न ब्रेक!’ गंमत म्हणजे वाक्य खोटं नसतं. पहिल्यांदा पाय थेट खाली जातो, दुसऱ्यांदा थोडा अडतो, तिसऱ्यांदा गाडी थांबते. पण ताशी ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर म्हैस आडवी आली तर तेवढे पंप मारायला वेळ कोण देणार?

तुम्ही म्हणाल, आम्ही हिंजवडीत नाहीतर मिहानमध्ये एसीत बसणारी माणसं, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध असा की ‘एमएच ३२’ची ती गाडी अजून तुमच्या घरचीच आहे. दिवाळीच्या सुमारास तिच्यात कापूस भरला जातो आणि ती हिंगणघाटच्या मार्केटला निघते. कारंजा घाडगेकडची असेल तर संत्र्याचे क्रेट. संध्याकाळी शेतातून परतताना मागे वेचणीच्या बायका बसलेल्या असतात. पेडलवर पाय एकाचाच, भरवसा मात्र सगळ्यांचा. मालाच्या गाडीत माणसं बसवूच नयेत, हा नियम आहे. पण गावात काय चालतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आता थोडं सायन्स, घाबरू नका! तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलेंडर ब्रेक ऑईलला ढकलतो आणि तो दाब पाइपातून चारही चाकांपर्यंत जातो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पायाची ताकद चाकाला मिळते. आपण शाळेत घोकलेला पास्कलचा नियम तो हाच! १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. पण पाइपात हवा शिरली की गणित फिसकटतं. हवा दबते. तुमचा पाय आधी तिला दाबत बसतो, चाकाची पाळी नंतर.

मात्र ‘पेडल मऊ झालं’ या एका तक्रारीमागे कारणं अनेक असतात. ती ओळखायला मेकॅनिक असायची गरज नाही. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा. मग पाय तसाच अर्धा मिनिट दाबून धरा.

पंप मारल्यावर पेडल वर आलं, पण स्पंजसारखं लागतंय? मग बहुतेक हवा आहे. पंप मारल्यावर वर येऊन एकदम टणक झालं? मग मागच्या ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढलंय, ते अ‍ॅडजस्ट करावे लागतील. पाय दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली सरकतंय? हा खरा डेंजर सिग्नल. कुठूनतरी ऑईल गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचे रबर आतून गेलेत. अशी गाडी गॅरेजलासुद्धा चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. शेवटी, पेडल दाबलेलं असताना इंजिन सुरू केलं आणि ते किंचित खाली गेलं तर टेन्शन नको. बूस्टर काम करतोय, एवढाच त्याचा अर्थ.

मग टॉर्च घ्या आणि शोध सुरू करा. बॉनेटखालच्या डबीत ऑईल कमी आहे का? चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर डाग आहेत का? पेडलच्या मागे काही ओघळलंय का? कुणाला तरी पेडल दाबायला सांगून रबरी होज बघा. ती फुगत असेल तर बदलायलाच हवी. गळती तशीच ठेवून वरून नुसतं ऑईल ओतत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

ऑईलचंही वय असतं बरं का! ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं हेच गणित २३० आणि १५५ असं आहे. नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात भरलेली गाडी ब्रेकवर ब्रेक मारत उतरली की चाकं तापतात. जुनं ऑईल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचं पेडल गायब! म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदला. आणि घाटात खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना तर गाडीची चावीच देऊ नका.

हवा काढायला दोन माणसं लागतात. आधी मागचे लायनर अ‍ॅडजस्ट करून घ्यायचे. मग मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करायचं, बुडबुडे निघाले की घट्ट करायचं. त्यानंतरच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत! वरची डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही आणि बाटलीतलं ऑईल पुन्हा वापरायचं नाही. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्याला निप्पल असेल तर तिथलीही हवा काढायला सांगा. गाडीला एबीएस असेल तर हे काम वर्कशॉपलाच द्या.

जुन्या गाडीसाठी एक खास टिप : पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी जिथपर्यंत पिस्टन जातच नाही, तिथे सिलेंडर आतून गंजलेला असतो. पेडल पार खाली दाबलं की त्या गंजावर घासून चांगले रबरही फाटतात. सकाळी हवा काढली आणि संध्याकाळी मास्टर सिलेंडर गेला, या किश्शांमागे बरेचदा हेच असतं.

डबीत इंजिन ऑईल किंवा डिझेल चुकूनही नको, रबर फुगतात. ब्रेक ऑईल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उठतो. काम झाल्यावर आधी उभ्या गाडीत पेडल तपासा, मग अंगणात हळू, मग रिकाम्या रस्त्यावर. लोड सगळ्यात शेवटी.

आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्यामुळे अनेक घरांत ब्रेकची आठवण त्याच आठवड्यात होते. उरलेले एक्कावन्न आठवडे दोन पंपांवर! बाबांना फोनवर लेक्चर द्याल तर ते म्हणतील, ‘तू शिकवशील काय मले गाडी?’ त्यापेक्षा दिवाळीला घरी जाताना मिठाईच्या बॉक्ससोबत ब्रेक ऑईलचा सीलबंद डबा न्या. ग्रेड मात्र डबीच्या झाकणावरची बघून घ्या. आणि एक सकाळ त्यांच्याबरोबर गाडीखाली घालवा. पेडल दाबायला तुम्ही, निप्पल सोडायला ते. तेवढा मान त्यांचा!