पेन्यास ब्लांकासचे नाके

मध्य अमेरिकेत पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या प्रवाशांच्या लेखी पेन्यास ब्लांकास म्हणजे एका सकाळचा वैताग. कोस्टा रिका आणि निकाराग्वा यांच्यामधील, पॅन-अमेरिकन महामार्गावरील हे नाके. देश सोडण्याचा कर भरावा, शिक्का घ्यावा, मालमोटारींच्या रांगेकडेने उन्हात चालावे, पलीकडे पुन्हा डॉलर मोजावेत, की झाले. उलट येताना कोस्टा रिकाचा अधिकारी देशाबाहेर जाण्याचे तिकीट मागतो. त्यासाठी बसचे तिकीट काढून दाखविले तरी भागते. युरोप-अमेरिकेच्या पारपत्राला व्हिसाही लागत नाही.

याच रस्त्याने निकाराग्वाचा शेतमजूर येतो. कोस्टा रिकातील अननसाचे मळे, उसाचे फड, कॉफीची तोडणी, बांधकामे आणि सान होसेतील सुखवस्तू घरांची धुणीभांडी, सर्वत्र त्याचे व त्याच्या बायकोचे हात राबतात. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४३ लाख लोकसंख्येपैकी सुमारे २ लाख ८७ हजार लोक निकाराग्वात जन्मलेले होते. या शेजाऱ्याला मात्र व्हिसा हवा. म्हणजे पारपत्र, शुल्क आणि रोज बुडवून घातलेले हेलपाटे. ज्याला ते परवडत नाही तो रानवाट धरतो. देश पाहावयास आलेला दारातून आणि देश उभारावयास आलेला कुंपणाखालून, अशी ही व्यवस्था आहे.

कोस्टा रिकाला निर्दय ठरविणे अन्यायाचे होईल. १९४८ साली त्याने सैन्यच मोडीत काढले. निकाराग्वातील २०१८ च्या दडपशाहीनंतर हजारोंना तेथे आसरा मिळाला. उलट नोव्हेंबर २०१५ मध्ये उत्तरेकडे निघालेल्या क्यूबन स्थलांतरितांना निकाराग्वाने अश्रुधूर सोडून माघारी लोटले. कोस्टा रिकाने त्यांना निवारा दिला आणि जानेवारी २०१६ पासून विमानाने एल साल्वाडोरला पोचविण्याची सोय झाली. क्रांतीचा वारसा सांगणाऱ्या सान्दिनिस्ता राजवटीचे हे वर्तन समाजवाद्यांनी तरी झाकून ठेवू नये.

परंतु आसरा आणि हक्क यांत अंतर आहे. २०१० पासून अंमलात असलेल्या स्थलांतर कायद्याने वास्तव्याचा परवाना सामाजिक विम्याशी जोडला. हेतू चांगला, पण मालकाने नाव नोंदविले नाही की मजूर दोन्हींना मुकतो, आणि कागद नसलेला माणूस बुडालेल्या मजुरीची तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? मळेवाल्याला हेच सोयीचे असते. मजुरी स्वस्त राहील इतकीच ही सीमा उघडी आहे.

नियम सैल केले तर लोंढे येतील, असे म्हटले जाते. ते लोक आलेलेच आहेत. त्यांच्यावाचून तोडणी होत नाही. तेव्हा हंगामी मजुरालाही नाक्यावरच, प्रवाशाच्या शिक्क्याइतक्या सहजतेने, कामाचा परवाना मिळावा. तो एकाच मालकाच्या नावाशी बांधलेला नसावा, आणि विम्याची मालकाच्या वाट्याची वर्गणी मळेवाल्याकडून सक्तीने वसूल व्हावी. सान होसे आणि मानाग्वा या दोन्ही सरकारांकडे ही मागणी दोन्ही देशांच्या कामगार संघटनांनी एकत्र येऊन नेली पाहिजे.