वनस्पतिजन्य मांस व आपलें सोयाबीन

मोठ्या शहरांतील दुकानांतून गेल्या कांहीं वर्षांत 'वनस्पतिजन्य मांस' या नांवाचा माल दिसूं लागला आहे. सोयाबीन, वाटाणा इत्यादि धान्यांतील प्रथिनें वेगळीं काढून त्यांस मांसाचा पोत, रंग व वास देऊन हा पदार्थ तयार करितात. यामुळें सोयाबीन पिकविणाऱ्यांचें भाग्य उजळणार, असें आपल्यांतील तरुण मंडळी उत्साहानें बोलतात. त्यांचा उत्साह मोडावा अशी आमची इच्छा नाहीं. परंतु हिशेब केल्यावांचून पेरा वाढविणें शेतकऱ्यास परवडत नाहीं, म्हणून याविषयीं आमचें मत वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रस्तुत लेखक कासारवाडीचा राहणारा. येथील शेतें कारखान्यांखालीं व रस्त्यांखालीं जाऊन फार काळ लोटला. आमची उरलेली जमीन खेड तालुक्यांत असून तींत दरसाल सोयाबीन असतें. गेल्या दिवाळींत पुतण्यानें अशा मालाचें पाव किलोचें पुडकें घरीं आणिलें. किंमत तीनशें रुपये. घरांत निम्मीं माणसें माळकरी व निम्मीं रविवारीं मटण खाणारीं असल्यानें परीक्षेस पंच बरे मिळाले. मटण खाणारांनीं दोन घास घेऊन 'मसाला चांगला झाला आहे' एवढेंच म्हटलें. माळकऱ्यांस मात्र त्याचा वास इतका मांसासारखा वाटला कीं त्यांनीं ताटें बाजूस सारलीं. ज्यांस मांस पाहिजे त्यांस तें मांस वाटेना, आणि ज्यांस नको त्यांस तें मांसच वाटलें!

एका घरावरून जगाचा निर्णय करणें योग्य नव्हे, हें आम्ही जाणतों. पण बाजाराची साक्षही फारशी वेगळी नाहीं. अमेरिकेंतील 'बियाँड मीट' या कंपनीचा भाग मे २०१९ मध्यें २५ डॉलरांस विक्रीस निघाला, जुलैंत तो २०० डॉलरांच्या वर गेला आणि पुढील पांच वर्षांत १० डॉलरांच्याही खालीं उतरला. आपल्याकडे रितेश व जिनिलिया देशमुख या नटदांपत्यानें २०२१ सालीं 'इमॅजिन मीट्स' ही कंपनी काढली. श्री. देशमुख हे लातूर जिल्ह्यांतील बाभळगांवच्या घराण्यांतले, म्हणजे ऐन सोयाबीनच्या मुलखांतले. त्यांच्या उद्योगास यश यावें असेंच आम्हांस वाटतें.

या विद्येंतील एक गोष्ट मात्र शेतकऱ्यास कौतुकाची वाटेल. पेरणीनंतर महिन्या-सव्वा महिन्यानें सोयाबीनचें झाड उपटून मुळावरील गांठ नखानें फोडावी. आंत तांबूस रंग दिसला म्हणजे जीवाणु हवेंतील नत्र बांधीत आहेत असें आपण समजतों. तो तांबूसपणा ज्या द्रव्यामुळें येतो तें आपल्या रक्तांतील रंगद्रव्याचें भावंड आहे. 'इंपॉसिबल फूड्स' या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनें २०१६ सालीं आणलेल्या पदार्थास मांसाची चव व रंग येतो तो याच द्रव्यानें. पण तें कोणाच्या शेतांतील मुळ्यांतून काढीत नाहींत. सोयाबीनचा तो गुण यीस्टमध्यें घालून हौदांत तयार करितात. त्याचा एक पैसाही आपल्याकडे यावयाचा नाहीं.

आतां मुख्य हिशेब. शंभर किलो सोयाबीन घाण्यास घातलें तर सुमारें १८ किलो तेल व ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. या पेंडीचें देशांतील सर्वांत मोठें गिऱ्हाईक म्हणजे कोंबडी. मांसाची कोंबडी एक किलो वाढण्यास पावणेदोन किलोंच्या आसपास खाद्य खाते व त्यांत चौथा ते तिसरा हिस्सा सोयाबीनची पेंड असते; म्हणजे किलोमागें सुमारें अर्धा किलो. वनस्पतिजन्य मांसांत निम्म्याहून अधिक पाणी असतें. उरलेल्यांत तेल, पिष्ट व मसाला वजा जातां सोयाबीन कितीसें राहिलें? ज्यानें कोंबडी सोडून हा पदार्थ धरला त्यानें आपलें जुनें गिऱ्हाईक घालवून तेवढेंच किंवा थोडें कमी असें नवें दिलें. त्यांतही कारखानदारास वाटाण्याचीं प्रथिनें चालतात. डिसेंबर २०२३ मध्यें पिवळ्या वाटाण्याची आयात जकातमुक्त झाली, व नोव्हेंबर २०२५ मध्यें जकात पुन्हा बसेपर्यंत हरभरा पिकविणारांनीं काय सोसलें तें वाचकांस सांगावयास नको. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ सालीं ४,८९२ रुपये असतां बाजार समित्यांतून त्याहून कमी दरानें विकावें लागलें. २०२५-२६ साठीं तो ५,३२८ रुपये ठरला. किलोस त्रेपन्न रुपयांचें धान्य व किलोस बाराशें रुपयांचें पुडकें, यांमधील अंतर शेतकऱ्याच्या पदरीं कसें पडावें, याचें उत्तर आम्हांस कोणीं दिलेलें नाहीं.

जीवदयेसाठीं जे मांस सोडतात त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. (मात्र मांसच बंद व्हावें म्हणणारांनीं शेतांत मेंढ्या बसवून घेणाऱ्यास एकदां खताविषयीं विचारावें.)

सोयाबीन माणसाच्या ताटांत आणण्याचा प्रयत्नही नवा नव्हे. १९३५ सालीं महात्मा गांधींनीं वर्ध्यास मगनवाडींत त्याचे प्रयोग केले, आणि त्याच सुमारास बडोदें संस्थानांत श्री. एफ. एस. काळे यांनीं या धान्यावर पाककृतींसह इंग्रजी ग्रंथ लिहिला. पुढें सोयाबीनच्या वड्या घरोघरीं आल्या. तेल काढलेल्या पिठाच्या या वड्यांत निम्मीं प्रथिनें असतात. किलोस दीडशें रुपयांच्या आसपास मिळतात, आणि त्या मांस असल्याचा आव आणीत नाहींत.

याहून जवळचें उदाहरण आपल्याच रस्त्यावर आहे. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून निघून चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगांवापर्यंत जावें. वाटेंतील खाणावळींतून मासवडी मिळते. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, त्यांत तीळ, सुकें खोबरें, कांदा व लसूण यांचें सारण भरून माशाच्या आकाराची वळकटी करितात, आणि तिच्या वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर वाढतात. नांव मासळीचें, पण फसवणूक कोणाची होत नाहीं. आमच्या घरचे माळकरी व मटणवाले एका पंक्तीस बसून ती खातात. हरभरा व तीळ दोन्ही शेतांतले. या मासवडीस जितकें गिऱ्हाईक आहे तितक्या बेसनाची डाळ आपल्या सभासदांनीं एकत्र होऊन भरडून दिली, तर खाणावळवाला ती घेईल, अशी आमची समजूत आहे.

सोयाबीनचें म्हणाल तर, तें कच्चें खाल्ल्यास पचनास अडथळा करणारें एक द्रव्य त्यांत असतें व तें चांगलें शिजविल्यानें नष्ट होतें. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनें 'एन.आर.सी. १२७' हा, तें द्रव्य नसलेला वाण काढला आहे. बियाणें हातीं आल्यास येत्या खरिपांत दहा गुंठ्यांत तो पेरून पाहण्याचा आमचा विचार आहे. उतारा किती पडला व त्याच्या पिठाची भाकरी घरांत कोणकोणीं खाल्ली, तें याच मासिकांतून कळवूं.